‘वेअरी’पासून गारदीपर्यंत : सावधगिरीच्या एका शब्दकुळाचा मराठी मुलखातील प्रवास

प्रस्तावना

शब्दांचा इतिहास हा पुष्कळदा माणसांच्या व्यवहाराचा इतिहास असतो. राज्ये बदलतात, फौजा येतात आणि जातात, कचेऱ्यांच्या पाट्या नव्याने रंगविल्या जातात. मात्र त्या काळातील काही शब्द लोकांच्या तोंडी मागे उरतात. ‘सावध’ या अर्थाचा ‘वेअरी’ हा इंग्रजी शब्द असा मराठीत कधी उतरला नाही. इंग्रजी पुस्तके वाचणाऱ्यापलीकडे तो कोणाला ठाऊक असण्याचे कारण नाही. मात्र त्याचे सगेसोयरे मराठीत अडीचशेहून अधिक वर्षे नांदत आहेत आणि त्यांपैकी एकाने मराठ्यांच्या इतिहासातील एका अत्यंत काळ्या दिवसाला आपले नाव दिले आहे.

रत्नागिरी शहरालगतचे मिरजोळे हे गाव या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. गावाच्या हद्दीत औद्योगिक वसाहत आहे आणि विमानतळही आहे. त्या विमानतळावर भारतीय तटरक्षक दलाचा तळ आहे. लोक या दलाला सर्रास ‘कोस्ट गार्ड’ म्हणतात. कारखान्यांच्या फाटकावर उभा असलेला माणूसही ‘गार्ड’च. हा ‘गार्ड’ आणि तो ‘वेअरी’ एकाच कुळातले आहेत. हे कुळ मराठीत कोणत्या वाटेने आले आणि येताना सावधपणाची कोणती कल्पना बरोबर घेऊन आले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

शब्दाचे मूळ

‘वेअरी’ हे रूप इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या मध्यास दिसू लागते. त्याआधी ‘वेअर’ हा साधा शब्द प्रचारात होता. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ जागरूक, शहाणा, भान असलेला असा होई. ‘अवेअर’ म्हणजे जाणीव असलेला आणि ‘बिवेअर’ म्हणजे सावध राहा, हे दोन्ही त्यातूनच निघाले. या शब्दांच्या मुळाशी जो आद्य धातू भाषाशास्त्रज्ञ मानतात, त्याचा अर्थ पाहणे, ध्यान ठेवणे असा आहे. भीती हा त्याचा मूळ अर्थ नव्हे, ही गोष्ट महत्त्वाची आहे. ज्याचे डोळे उघडे आहेत तो ‘वेअर’, घाबरलेला नव्हे.

याच धातूपासून जर्मानिक भाषांत राखण करणाऱ्याचे नाव सिद्ध झाले. इंग्रजीत ते ‘वॉर्ड’ झाले. फ्रँक लोकांनी तोच शब्द फ्रान्समध्ये नेला. तेथे आरंभीच्या ‘व’चा ‘ग’ झाला आणि ‘गार्द’ हे रूप तयार झाले. पुढे तेच फ्रेंच रूप इंग्रजीने पुन्हा उसने घेतले. म्हणूनच इंग्रजीत ‘वॉर्डन’ आणि ‘गार्डियन’ अशी एकाच शब्दाची दोन रूपे शेजारी शेजारी राहतात. इस्पितळाचा वॉर्ड, नगरपालिकेचा वॉर्ड, वसतिगृहाचा वॉर्डन हे मराठी माणसाच्या नित्य परिचयाचे शब्द याच घरचे आहेत.

गंमत अशी, की ‘लॉर्ड’ हा शब्दही त्यातलाच. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप ‘भाकरीचा राखणदार’ या अर्थाचे होते. घरातील भाकरी ज्याच्या ताब्यात तो धनी, हा त्यामागचा साधा विचार. झिजत झिजत त्याचा ‘लॉर्ड’ झाला आणि हिंदुस्थानात आल्यावर ‘लाट’ झाला. ‘मोठा लाटसाहेब लागून गेलास!’ असे मराठीत चिडून म्हटले जाते, तेव्हा बोलणारा नकळत समोरच्याला भाकरी राखणारा म्हणत असतो.

मराठीचे स्वतःचे भांडवल

इंग्रजी शब्द येण्यापूर्वी मराठीला या अर्थाच्या शब्दांची वाण होती, असे मुळीच नाही. ‘सावधान’ म्हणजे स-अवधान, लक्षासहित. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे जे मागतात ते हेच अवधान. तेथे संकटाचा प्रश्न नाही. ऐकणाऱ्याचे चित्त एकवटलेले असावे, एवढीच अपेक्षा आहे. मंगलाष्टकांच्या शेवटी उच्चारला जाणारा ‘सावधान’ हाही त्याच जातीचा, शुभ मुहूर्ताकडे लक्ष द्या असे सांगणारा. समर्थ रामदासांनी तो शब्द ऐकून बोहल्यावरून पळ काढला, ही परंपरेने सांगितलेली कथा लोकप्रिय झाली, ती त्यांनी या औपचारिक शब्दाचा अर्थ खराखुरा घेतला म्हणून.

फारसीतून दोन मोठे शब्द आले. ‘होश’ म्हणजे भान. भान असलेला तो ‘होशियार’, मराठीत ‘हुशार’. जुन्या मराठीत हुशार राहणे म्हणजे जागरूक राहणे. पुढे तो शब्द बुद्धिमत्तेकडे वळला आणि आज परीक्षेत पहिला येणारा मुलगा हुशार ठरतो. तरीही आजारातून उठलेला माणूस ‘आता जरा हुशारी वाटते’ म्हणतो, तेव्हा मूळचे भान त्या शब्दात परत येते. ‘खबरदार’ म्हणजे ज्याच्याजवळ खबर आहे तो. त्याचे दोन फाटे झाले. ‘खबरदारी’ हा शब्द शांतपणे काळजीच्या अर्थी राहिला, तर एकटा ‘खबरदार’ धमकीचा झाला.

‘दक्ष’ या शब्दाने नेमका उलटा प्रवास केला. संस्कृतात दक्ष म्हणजे कुशल, कामात निपुण. मराठीत दक्ष राहणे म्हणजे सावध राहणे. हुशार सावधपणाकडून शहाणपणाकडे गेला, दक्ष शहाणपणाकडून सावधपणाकडे आला. ‘सतर्क’ या शब्दात तर ‘तर्क’च बसलेला आहे. इंग्रजीतही ‘कॅनी’ हा स्कॉटलंडकडचा शब्द ‘जाणता’ या अर्थापासून निघून ‘जपून वागणारा’ या अर्थापर्यंत पोचलेला दिसतो. जाणणे आणि जपणे यांतील ही ये-जा एकट्या मराठीची नाही.

शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून सिद्ध झालेल्या राजव्यवहारकोशाने दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पुढे विनायक दामोदर सावरकरांनी रत्नागिरीत राहून भाषाशुद्धीची चळवळ चालविली. दोन्ही प्रयत्नांतून काही शब्द टिकले. हुशार आणि खबरदार मात्र कोणाच्याच हाती लागले नाहीत. जे शब्द घरात रोज लागतात त्यांना दरबारातून हलविता येत नाही, असे यावरून दिसते.

राखणदाराविना सावधपणा

कोकणाच्या संदर्भात एक पत्र येथे आवर्जून विचारात घ्यावे लागते. इ.स. १६७० च्या दशकाच्या पूर्वार्धात शिवाजी महाराजांनी चिपळूणनजीक हलवर्णे येथे छावणीस असलेल्या फौजेतील जुमलेदार, हवालदार व कारकून यांना पाठविलेले हे पत्र आहे. त्याचा रयतेविषयीचा भाग वारंवार सांगितला जातो. आता दाणागवत बेहिशेबी उधळले तर पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील. मग लष्करातील लोक कुणब्याच्या घरचे दाणे, गवत, भाजी, लाकूड उचलू लागतील आणि रयत मुलूख सोडून जाईल, असा त्याचा आशय आहे.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्या पत्रातील पुढचा भाग अधिक मोलाचा. कोणी स्वयंपाक करील, कोणी तमाखू ओढण्यास आगटी करील, कोणी रात्री दिवा जळता ठेवील आणि उंदीर जळती वात पळवून नेईल. त्यातून एक ठिणगी गवतात पडली तर सारे गवत जाईल, लहळ्या जातील, पागा बुडेल. येथे शत्रू कोठेच नाही. आहे तो उंदीर. मोगलांशी झुंजणारा राजा उंदराच्या तोंडातील वातीपर्यंत विचार करतो आणि त्यावर उपाय म्हणून जादा पहारेकरी नेमीत नाही. ज्याच्या हाती चूल आहे, ज्याच्या उशाशी दिवा आहे, त्यालाच तो बजावतो. सावधपणा हे प्रत्येकाचे स्वतःचे अवधान आहे, ते दुसऱ्यावर सोपविता येत नाही, ही समजूत त्या पत्रामागे उभी आहे.

गारद आणि गारदी

अठराव्या शतकात चित्र बदलले. हैदराबादच्या निजामाकडे असलेल्या बुसी या फ्रेंच सेनानीने हिंदी शिपायांना युरोपीय पद्धतीची कवाईत शिकविली. बंदुका घेऊन रांगेत लढणाऱ्या या पायदळाची ख्याती दख्खनभर पसरली. या शिपायांना मराठीत ‘गारदी’ म्हणू लागले. फ्रेंच ‘गार्द’, पोर्तुगीज ‘ग्वार्द’ अथवा इंग्रजी ‘गार्ड’ यांपैकी कोणत्या दाराने हा शब्द आत आला, यावर वाद घालता येईल. बुसीचा संबंध पाहता फ्रेंच दाराचा दावा सबळ वाटतो. कोणतेही दार धरले तरी मूळ घराणे एकच, ‘वेअरी’चे. (‘पानिपतची गर्दी’ यातील ‘गर्दी’ हा फारसी वळणाचा निराळा शब्द आहे. ध्वनिसाम्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो.)

मराठ्यांनी गारदी चाकरीस ठेवले ते तोफा-बंदुकांच्या युद्धाची गरज ओळखून. त्यातील धोकाही लवकरच दिसला होता. इ.स. १७५९ मध्ये पुण्यात सदाशिवरावभाऊंवर मारेकरी घालण्यात आला. भाऊ बचावले, कटाचा ठपका मुजफ्फरखान गारद्यावर आला आणि त्याला देहान्त शिक्षा झाली. तरी लगेच पुढे इब्राहिमखान गारदी मराठ्यांकडे आला आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर तो ज्या निष्ठेने लढला तिला तोड नाही. घायाळ अवस्थेत तो शत्रूच्या हाती सापडला आणि मारला गेला. एकाच नावाचे हे दोन चेहरे आहेत. गारदी तेवढा बेइमान, असे इतिहासाचा सरसकट हवाला देऊन कोणी म्हणू नये. पगारी राखणदाराची निष्ठा पगारावर, माणसावर आणि प्रसंगावर अवलंबून असते, इतकेच.

३० ऑगस्ट १७७३ या दिवशी हे तिन्ही फिरले. माधवराव पेशव्यांच्या मृत्यूनंतर गादीवर आलेले नारायणराव त्या वेळी अवघे अठरा वर्षांचे होते. चुलते रघुनाथराव शनिवारवाड्यातच नजरकैदेत होते. गारद्यांचा पगार थकलेला होता. ऐन गणेशोत्सवात भर दुपारी सुमेरसिंग गारदी आणि त्याचे साथीदार पगाराची मागणी करीत वाड्यात घुसले. नारायणराव धावत चुलत्यांच्या महालात गेले आणि तेथेच त्यांचा वध झाला. रघुनाथरावांनी दिलेल्या चिठ्ठीतील ‘धरावे’चे आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले, अशी आख्यायिका आहे. ‘ध’चा ‘मा’ हा वाक्प्रचार तिच्यातून रूढ झाला. आख्यायिकेला पुरावा मानता येत नाही. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी मात्र चौकशी करून रघुनाथरावांना दोषी धरले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे.

या घटनेतील एक तपशील सहसा दुर्लक्षित राहतो. ग्रँट डफ याने इ.स. १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात तो नमूद केला आहे. त्या दिवशी सकाळी काही गडबड होणार असा सुगावा नारायणरावांना लागला होता आणि बंदोबस्त करण्यास त्यांनी हरिपंत फडके यांना सांगितलेही होते. हरिपंतांचे त्या दिवशी एका नातलगाकडे जेवण ठरलेले होते; बंदोबस्ताचे काम त्यांनी त्यानंतर करायचे ठरविले. म्हणजे पेशव्याजवळ खबर होती, परंतु खबरदारी जेवणानंतरवर टाकली गेली. ज्यांनी राखायचे त्यांनीच मारले ही गोष्ट भयंकर खरीच. पण वाड्यातले अवधान आधीच दुसऱ्यांच्या स्वाधीन झाले होते, ही गोष्टही तितकीच खरी. हलवर्ण्याच्या पत्रातला उंदीर वाड्याच्या आत येऊन पोचला होता आणि त्याच्याकडे पाहणे कोणाचे काम, हे ठरलेले नव्हते.

त्या दिवसानंतर मराठीत ‘गारदी’ या शब्दाचा अर्थ कायमचा बदलला. राखणारा हा अर्थ गेला आणि मारेकरी हा अर्थ उरला. ‘पाहणे’ या निर्मळ धातूपासून निघालेल्या शब्दाची अशी गत अन्य कोठे झाल्याचे सहसा आढळत नाही.

नजर आणि नजरकैद

इंग्रजी अमलात पाहण्याची क्रिया पुन्हा राखणीशी जोडली गेली. मात्र ती राखण कैद्याची होती. ‘नजरकैद’ हा शब्द फारसी-अरबी घडणीचा असला तरी त्यातील कल्पना ‘वॉर्ड’च्या कल्पनेशी तंतोतंत जुळते. बेड्या नाहीत, भिंती नाहीत, नजर आहे. रत्नागिरी हे या प्रकारासाठी इंग्रज सरकारला सोयीचे ठिकाण वाटले. एकीकडे समुद्र, दुसरीकडे सह्याद्री आणि मधे दळणवळणास अवघड मुलूख. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इ.स. १८८६ मध्ये रत्नागिरीस आणण्यात आले. इ.स. १९१६ मध्ये त्याचा मृत्यू झाला, तोवर तीस वर्षे तो सरकारी देखरेखीखाली तेथेच राहिला. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा आजही थिबा पॅलेस म्हणून ओळखला जातो. इ.स. १९२४ मध्ये सावरकरांची तुरुंगातून सुटका झाली तीही रत्नागिरी जिल्ह्याची हद्द न ओलांडण्याच्या व राजकारणात भाग न घेण्याच्या अटीवर. ही स्थानबद्धता इ.स. १९३७ पर्यंत टिकली.

‘पहारा’ या शब्दाचाही येथे उल्लेख केला पाहिजे. तो ‘प्रहर’ यापासून आला. दिवसरात्रीचे आठ प्रहर आणि प्रत्येक प्रहराला बदलणारा राखणदार. वेळेचेच नाव राखणीला मिळाले. इंग्रजी ‘वॉच’चे असेच झाले आहे. जागे राहणे, राखण आणि मनगटावरचे घड्याळ, तिन्ही अर्थ त्या एका शब्दात आहेत. मराठीने त्यातला ‘वॉचमन’ घेतला.

कोकणातील खेड्यांत मात्र ‘राखण’ हा शब्द याहून निराळ्या वजनाचा आहे. गावाच्या सीमेवरचा राखणदार हा देव असतो. त्याला वर्षातून एकदा राखण द्यावी लागते, गाऱ्हाणे घालावे लागते. पगार थकला तर गारदी फिरतो आणि मान राहिला तर राखणदार कोपतो, असे साम्य कोणी काढील. पण राखणदाराला मान देऊन गावकरी निर्धास्त होत नाही. भात पिकू लागले की रानडुकरांसाठी तो माळ्यावर स्वतःच जागतो. अलीकडे रत्नागिरी परिसरातील हापूसच्या बागांत राखणीसाठी नेपाळी कामगार ठेवण्याची पद्धत रूढ झाली आहे आणि लोक त्यांना ‘गुरखा’ म्हणतात. मिरजोळ्याच्या वसाहतीत फाटकावरच्या माणसाला ‘सिक्युरिटी’ असेही म्हटले जाते. ‘सिक्युअर’ या शब्दाच्या लॅटिन मुळाचा अर्थ ‘काळजीविना’ असा आहे. म्हणजे ज्याने काळजी वाहायची त्याचे नाव निष्काळजी! शब्दाने येथे राखणाऱ्याची नव्हे, तर राखण विकत घेऊन निजणाऱ्याची बाजू सांगितली आहे.

कॉशन

सावधगिरीच्या अर्थाचा ‘कॉशन’ हा दुसरा इंग्रजी शब्द मात्र मराठीत थेट उतरला आणि तोही दोन ठिकाणी. त्याचे लॅटिन मूळ ‘जपणे, लक्ष ठेवणे’ या अर्थाचे. त्या लॅटिन धातूचे नाते भाषाशास्त्रज्ञ संस्कृत ‘कवि’ या शब्दाशी जोडतात. वैदिक कवी म्हणजे द्रष्टा, पाहणारा. न्यायालयात दाखल केले जाणारे ‘कॅव्हेट’ त्याच धातूचे आज्ञार्थी वळणाचे रूप आहे. इंग्रजीत ‘कॉशन’चा जुना अर्थ तारण, जामीन असा होता, सावधपणा हा अर्थ नंतरचा. महाविद्यालयात प्रवेश घेताना विद्यार्थी ‘कॉशन मनी’ भरतो तेव्हा तो हाच जुना अर्थ वापरीत असतो. जी अनामत इंग्लंडच्या रोजच्या बोलीतून मागे पडली, ती आपल्या महाविद्यालयांच्या पावतीवर शाबूत आहे.

दुसरे ठिकाण रेल्वेचे. मार्गात कोठे काम चालू असेल, रूळ वा भराव कच्चा असेल, तर चालकाच्या हाती ‘कॉशन ऑर्डर’ दिली जाते. अमुक किलोमीटरपासून तमुक किलोमीटरपर्यंत गाडी किती वेगाने न्यावयाची, हे त्या कागदावर लिहिलेले असते. रत्नागिरीवरून जाणारा कोकण रेल्वेचा मार्ग इ.स. १९९८ मध्ये पूर्णपणे खुला झाला. डोंगर कापून केलेल्या या मार्गावर पावसाळ्यात दरडींचे भय किती, हे लवकरच कळून आले. २२ जून २००३ रोजी रात्री वैभववाडीजवळ विशेष गाडी रुळांवर आलेल्या दरडीवर आदळली आणि पन्नासच्या आसपास प्रवासी मृत्युमुखी पडले. १६ जून २००४ रोजी करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला असाच अपघात झाला आणि दहाहून अधिक जीव गेले.

त्यानंतर कटिंगच्या बाजू सपाट करणे, जाळ्या बसविणे, उतार बांधून काढणे अशी कामे झाली. पावसाळ्यासाठी स्वतंत्र वेळापत्रक आणि कमी वेगमर्यादा पाळली जाऊ लागली. यंत्रेही आली. तरीही धोक्याच्या कटिंगांवर रात्रंदिवस गस्त घालणारी माणसे दर पावसाळ्यात नेमली जातातच. दुसरीकडे, इ.स. २०२२ च्या जानेवारीत भारतीय रेल्वेने गाडीच्या शेवटच्या डब्यातील ‘गार्ड’चे पदनाम बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ केले. कोकणातील स्थानकांवर लोक अजून ‘गार्डाचा डबा’च म्हणतात. आणि कटिंगवरून चालणाऱ्या त्या माणसाच्या कामाचे स्वरूप अजूनही तेच आहे, जे ‘वेअर’ या शब्दाच्या आरंभी होते : हातात दिवा, डोळे डोंगराकडे, आणि माती हलली असे वाटताच गाडी थांबविण्याचा अधिकार.